चुकून लागलेला हात

बाहुलीच्या वेणीचं टोक अजून ओलं होतं. रुचानं ते चिमटीत धरून पिळलं, तर बोटाला साबणाचा वास लागला — मोगऱ्याचा, मनवाच्या आंघोळीचा — आणि सकाळची मोरी पुन्हा समोर येऊन उभी राहिली.

"दोन्ही बाहुल्यांना आंघोळ घातली गं आई. तुझ्या कामाला जायचंय ना त्यांना?"

हे मनवानं आधी सांगितलं होतं. थप्पड नंतर. मधे एक श्वास होता... दिवसभर रुचा त्याच श्वासाशी येऊन अडखळत होती. 'रागाच्या भरात' म्हणायला तिथं जागाच नव्हती. मी ऐकलं होतं. चार वर्षांच्या जिवाचा हेतू मला पुरता कळला होता, आणि कळल्यावर हात उचलला. नवरा, केदार, पहाटेच नागापूरला कंपनीत गेलेला, सासूबाई देवघरात; पाहिलं कुणीच नाही.

आणि आता शिंगणापूरजवळच्या या अंगणवाडीत सतरंजीवर बसून ती त्याच दोन ओलसर बाहुल्या नाचवत होती. लहान मुलं चूक कशावरून ठरवतात, मनातल्या हेतूवरून की झालेल्या नुकसानावरून — प्रबंधाचा विषयच तो. हिरव्या फ्रॉकची बाहुली दुसरीला, लालीला, मुद्दाम ढकलते, पण लालीला काही होत नाही. मग लालीचा पाय अडखळतो, धक्का लागतो, आणि हिरवी धाडकन पडते.

"आता सांग संस्कृती, वाईट कोण वागलं?"

समोर बसलेल्या चिमुरड्या संस्कृतीनं नाक ओढलं. "कुनीच न्हाई. तुमीच पाडलं की तिला. हात तुमचाच हुता."

अंगणवाडीच्या गोजरबाई पदराआड हसल्या. "घ्या मॅडम. आमच्यात घरांना दारं न्हाईत, शनिदेव बघतो म्हनत्यात. ही त्याच्याबी आधी बघती."

रुचाही हसली. कान मात्र तापले होते, ते घोडेगाव मागे पडून एसटी नगरला लागेपर्यंत तापलेलेच राहिले. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणायचे, माणूस जगाचं चित्र मनात काढून ठेवतो आणि त्या चित्राकडे बघून वागतो. दुसरा पक्ष म्हणतो, चित्रबित्र काही नसतं. सायकल चालवणाऱ्याच्या डोक्यात सायकल नसते, जे काही असतं ते त्याच्या पायांत. आजवर प्रबंधात दोन्ही बाजू पटल्यासारखं लिहीत आले मी... मनवाच्या डोक्यात आज कुठली आई असेल?

घरी मनवा पोळीचा लाडू खात बसली होती. "आजी विचारत होती, गाल लाल कसा? मी सांगितलं, आईचा हात लागला. चुकून."

सासूबाई शेंगा फोडत होत्या. "जरा जपून गं. घाईत लक्ष नसतं तुझं." एवढंच.

पोर खोटं बोलत नव्हती. तिच्या चित्रात मारणारी आई बसतच नव्हती, म्हणून तिनं हाताचाच अर्थ बदलून घेतला होता. रुचानं तिच्या कपाळावरची बट मागे सारायला हात पुढे केला — आणि मनवाची मान, नुसती मान, बोटभर मागे सरली. तोंडावरचं हसू तसंच.

म्हणजे तोंडाला एक ठाऊक, मानेला दुसरं. सांगून टाकावं का? सांगितलं तर मानेला कळलंय ते सगळ्या मनवाला कळेल. आणि नाही सांगितलं तर... ती एवढीशी मान एकटीच ते सांभाळत राहील.

"चुकूनच ना, आई?"

रुचाच्या ओठांपर्यंत 'हो' आलं, आणि त्याच्याबरोबर सकाळही आली; पण निराळी — ओली फरशी, घसरलेला पाय, लागलेला हात. छे, असं नव्हतं झालं. फरशी ओली होती, पाय मात्र घट्ट होते. तिनं खरी सकाळ मागे ओढून पाहिली. आली, पण कडांनी जरा पुसट. त्या पुसटपणानं तिला किंचित बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. मनवा लाडू हातात धरून तिच्याकडे बघत होती, आणि रुचा त्या थपडेचा आवाज, जसा होता तसा, कानात धरून ठेवायची धडपड करत होती.