पर्लचा धडधाकट पाय

एल्क लेकच्या काठी, घोड्यांच्या तळावर पोचताच गेलन राइनबोल्टने नेहमीसारखा आरडाओरडा सुरू केला. कोणाचा ट्रेलर कुठे लावायचा, कोणतं घोडं कोणत्या लाकडी कठड्याच्या आत सोडायचं, कोणत्या दोघांना शेजारी ठेवलं तर लाथाळी होईल, सगळं त्यालाच ठाऊक. रायडिंग क्लबचा तो म्होरक्या. दर सप्टेंबरात गवत तांबूस झालं, डास मेले, की नॉर्थ डकोटातल्या या पार्कात क्लबचा वर्षातला शेवटचा मुक्काम पडायचा. सकाळी माळावरून कड्यापर्यंत रांग निघायची आणि रांगेच्या पुढे गेलनची घोडी पर्ल असायची.

यंदा मात्र वसंतापासून तो पर्लवर बसलाच नव्हता.

वसंतात एकदा कुठल्याशा जनावराच्या बिळात पर्लचा पाय गेला आणि गेलन तिच्या मानेवरून पुढे फेकला गेला. बरगड्या मोडल्या. बायको लव्हॉन शोधत येईपर्यंत तो गवतात आभाळाकडे बघत पडून होता. बरगड्या जुळल्या, पण त्यानंतर रिकिबीत पाय घालायला गेला की त्याचं तोंड कोरडं पडायचं आणि तो पाय परत काढून घ्यायचा. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तो पर्लवर खोगीर चढवायचा आणि तिला हाताने धरून टेकाडापलीकडे न्यायचा. तिथे खोगिराखाली घाम यावा म्हणून तिला लांब दोरीवर गोल गोल पळवायचा आणि परत यायचा.

"कशी चालली आज?" लव्हॉन विचारायची.

"मस्त," तो म्हणायचा.

मुक्कामाच्या पहिल्या सकाळी सगळे खोगिरं आवळत होते. गेलन पर्लजवळ वाकून उभा होता.

"पर्ल लंगडतेय," तो म्हणाला. "पुढचा उजवा पाय. तुम्ही जा, मी थांबतो."

कॉर्डेल गुरांचा डॉक्टर. त्याने पाय उचलून बघितला, खूर दाबला, घोडी थोडी दुडक्या चालीने पळवली. "मला तर काही दिसत नाही रे. मालकापेक्षा बरी चालतेय."

सगळे हसले.

"रात्री लंगडत होती," गेलन जरा तोडूनच म्हणाला. "माझी घोडी मला कळत नाही का?"

"बरं बाबा, कळते!" कॉर्डेल म्हणाला.

तेवढ्यात आर्डिस पुढे आली. सत्तरी ओलांडलेली, नवरा मायलो जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कामातून गेलेले. पण अजून आपल्या टोबी घोड्यावर बसायची. टोबीचा लगाम तिने गेलनपुढे धरला.

"हा घे. म्होरक्याशिवाय रांग कशी निघेल? मी थांबते, पर्लच्या पायावर गार पाणी मारत बसते."

लव्हॉनने गेलनला कोपराने ढोसलं. "नको म्हण," ती पुटपुटली. "ती फार्गोला जातेय, लेकीकडे, कायमची. टोबीलाही देऊन टाकणार आहे. ही तिची शेवटची वेळ आहे."

गेलनला हे माहीत नव्हतं. "नको आर्डिस, खरंच नको. तू जा."

"गप रे! मायलो गेला तेव्हा माझी गुरं कोणी सांभाळली? एवढं तरी करू दे मला. आणि मी काय, उद्या जाईन."

सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. त्याने हात पुढे करून लगाम घेतला.

"रिकिबीचा पट्टा जरा नीट करतो," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे, मी गाठतो तुम्हाला."

लव्हॉन क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने घोडं वळवलं आणि रांग तिच्यामागून माळावर निघून गेली.

गेलन टोबीला ट्रेलरच्या आडोशाला घेऊन गेला. डावा पाय रिकिबीत घातला, काढला. पुन्हा घातला. टोबी गरीब घोडं, बिचारं हललंसुद्धा नाही. गेलनच्या पाठीवरून घाम ओघळला. शेवटी त्याने घोडं ट्रेलरला बांधलं आणि ट्रेलरच्या पुढच्या भागातल्या झोपायच्या खोलीत जाऊन बिछान्याच्या कडेवर बसला.

खिडकीतून पर्लचा कठडा दिसत होता. आर्डिस तळ्यावरून बादली भरून चढण चढत होती. मध्येच थांबायची, कमरेवर हात ठेवून दम खायची, पुन्हा निघायची. कठड्यात आल्यावर खांबाला धरून कशीबशी गुडघ्यांवर बसली आणि पर्लच्या धडधाकट पायावर मगाने पाणी सोडू लागली.

"दुखतंय ना गं बाई?" ती घोडीला म्हणाली. "माझेही असेच ठणकतात. कोणी विचारत नाही."

आपण आत्ता उठलं पाहिजे, गेलनला वाटलं. उठून बाहेर गेलं पाहिजे. ती दुसरी बादली आणायला निघाली तरी तो बसूनच होता. ती चढणीवर अडखळली, अर्धं पाणी बुटांवर सांडलं, तेव्हा त्याने पडदा ओढून घेतला. हे आपण काय केलं हे हात खाली आल्यावर त्याला कळलं, आणि त्या हाताकडे त्याला बघवेना.

बाहेर टोबी खिंकाळला.

"टोबी?" आर्डिसची पावलं जवळ आली. मग दारावर थाप पडली. "गेलन? आत आहेस का? बरं वाटत नाहीये का तुला?"

त्याने दार उघडलं. "रिकीब आखूड होती," तो म्हणाला. तिच्या भिजलेल्या गुडघ्यांकडे, चिखलाने माखलेल्या पँटीकडे त्याची नजर गेली, आणि पुढचं खोटं तोंडातून निघेना. "पर्लला काही झालेलं नाही. मला बसवत नाही घोड्यावर. पडल्यापासून. भीती वाटते."

आर्डिसचा चेहरा लाल झाला.

"भीती वाटते म्हणून मी तुला काही म्हणणार नाही. मायलोला गाय बघूनसुद्धा भीती वाटायची. पण मी तिकडे गुडघ्यांवर बसले होते, गेलन! आणि तू इथून बघत होतास?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग नुसती वाटून काय उपयोग!"

तिने टोबीला सोडलं. चढायचं स्टूल त्याने धावत जाऊन आणलं. ती त्याच्या खांद्यावर हात न ठेवता चढली, दोनदा प्रयत्न करून. रांग केव्हाच कड्याकडे निघून गेली होती, तिला गाठणं शक्य नव्हतं. ती एकटीच तळ्याच्या काठाने थोडं अंतर गेली आणि वारा सुटल्यावर परतली. गेलनने तोवर सगळ्या कठड्यांतली लीद उपसून काढली होती. कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्याला बरं काही वाटलं नाही.

संध्याकाळी लांब टेबलावर बटाट्याची खीमा घातलेली भाजलेली डिश आणि कोणीतरी आणलेल्या रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या मांडल्या होत्या.

"काय मग, आम्हाला गाठणार होतास ना?" कॉर्डेलने विचारलं. "आणि पेशंट कशी आहे?"

आर्डिस आपल्या ताटात बघत होती. ती काही सांगणार नव्हती, हे गेलनला कळलं. तो उभा राहिला आणि सगळं बोलला. टेकाडापलीकडचं, दोरीवर पळवण्याचं, खिडकीचं, पडद्याचंही.

कॉर्डेल काहीतरी गमतीचं बोलायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला. लव्हॉन उठली, ताट घेऊन नळाकडे गेली.

तो तिच्यामागे गेला. ती ताट घासत होती, त्याच्याकडे पाठ करून.

"उन्हाळाभर," ती म्हणाली. "रोज मी विचारायचे, आणि रोज तू मस्त म्हणायचास. तुझ्यासाठी चहा करून ठेवायचे मी."

"हो."

"खरं सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, असं वाटलं तुला?"

ती घासलेलंच ताट पुन्हा घासत राहिली.

दुसऱ्या सकाळी आर्डिस रांगेच्या पुढे निघाली. दर वर्षी रांगेच्या मागे राहिल्यामुळे कड्यापर्यंतची वाट तिला नीट आठवत नव्हती. तळाला लागूनच असलेल्या पहिल्या फाट्याशी थांबून तिने मागे वळून गेलनकडे बघितलं.

"वाट कोण दाखवणार आहे?" तिने विचारलं.

गेलन कठड्याशी उभा होता. त्याने पर्लला लगामाने धरलं, खोगीर न घालताच, आणि चालत पुढे गेला. घोडी त्याच्यामागून मुकाट आली. मागे सगळी रांग त्याच्या चालीने, हळूहळू येत होती. कोणीतरी घोड्यावरून हळू आवाजात बोललं, कोणीतरी हसलं. ते आपल्यावरच असेल असं समजून तो मान खाली घालून चालत राहिला. कड्यावर पोचेपर्यंत बुटांनी टाचा सोलल्या होत्या.

आर्डिसने तिथून बराच वेळ तळ्याकडे बघितलं. टोबीवरून उतरताना मात्र तिने त्याचा खांदा धरला. तिचा राग गेला होता का, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही त्याला झाला नाही.