डोमाचा उजवा हात

तुझ्या वडिलांचं चित्र भंडाऱ्याच्या प्रदर्शनात लागलंय, असं पोस्टातल्या एका बाईनं सांगितलं तेव्हा मनालीला आधी ते खरंच वाटलं नाही. तिचे वडील, डोमा रामटेके, वारून चार वर्षं झाली होती. वरठीच्या रेल्वे स्टेशनाबाहेर सायकल स्टँड सांभाळणाऱ्या माणसाचं चित्र कोण कशाला काढेल? तरी रविवारी तिनं आईला सोबत घेतलं आणि कारध्याहून ऑटोनं पूल ओलांडून दोघी शहरात आल्या.

सुमनबाई उभ्या जन्मात कधी प्रदर्शनाला गेल्या नव्हत्या. एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये तारा बांधून चित्रं टांगली होती. जिल्ह्यातल्याच नऊ-दहा पोरापोरींनी काढलेली. वरठीच्या कारखान्यातून सायकलींवर घरी निघालेले कामगार होते, धानाच्या बांधीत भाताची रोपं लावायला वाकलेल्या बाया होत्या. त्या बायांसमोर सुमनबाई थांबल्या. जन्मभर रोवणी केलेलं माणूस. "पऱ्हे लय दाट लावून राहिल्या ह्या," त्या म्हणाल्या, आणि मनालीला हसू आलं.

पुढच्या चित्रापाशी मात्र त्यांनी लेकीचा दंड पकडला.

सायकलींच्या रांगेपुढे, लाकडी पेटीवर डोमा बसला होता. तेच आठ्या पडलेलं कपाळ, तीच किंचित कललेली मान. खांद्यावर दुपट्टा. आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, उघडा. अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं नाहीत.

"झाक ते," सुमनबाई म्हणाल्या. "मनाली, झाक ते आधी."

त्यांचा आवाज ऐकून एक सडपातळ तरुण पुढे आला. "जय भीम, काकू. मी अश्वजित. हे चित्र माझंच आहे."

"कोनाले इचारून काढलं तू हे?" सुमनबाई त्याच्यासमोर आल्या. "पोरीच्या लग्नातबी तो मानूस हात दुपट्ट्याखाली ठेवून बसला. घरात जेवाले बसला तरी डाव्या हातानं जेवे. माह्यापुढं कधी हात उघडा नाई ठेवला त्यानं. आन तू चार लोकाइत टांगून ठेवला?"

अश्वजितनं वाद घातला नाही. पिशवीतून एक जाड वही काढून तो त्यांच्या पायाशी बसला. "नागपूरच्या कॉलेजात जायचो तवा रोज काकाइच्या स्टँडवर सायकल ठेवत होतो. संध्याकाळी गाडीतून उतरलो का त्याइचं चित्र काढत बसायचो. हे पाहा." त्यानं एकेक पान उलटलं. सगळीकडे डोमा होता, आणि सगळीकडे त्याचा हात दुपट्ट्याखाली होता. "मंग एक दिवस त्याइनंच दुपट्टा बाजूले केला. म्हनले, काढतच हायेस त पुरा मानूस काढ."

"खोटं," सुमनबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"मी इचारलं, काका, हे कसं झालं? त म्हनले, मले नको इचारू. माह्या घरी इचार. तिनं सांगितलं त खरं." अश्वजितनं वही मिटली. "मी येनारच होतो घरी. मधातच काका गेले, आन मंग हिंमत नाई झाली. तुमची परवानगी घ्याले पायजे होती, काकू. चुकलं माझं. तुमी म्हनसान त आत्ता उतरवतो."

"उतरवा," मनाली म्हणाली.

सुमनबाईंनी हातानंच ‘थांब’ अशी खूण केली. भिंतीशी एक बाक होता, त्यावर जाऊन बसल्या.

डोमानं गोष्ट त्यांच्यावर सोपवली होती. जाताना घरात एका शब्दानं बोलला नाही, आणि एका परक्या पोराजवळ सांगून गेला, की तिला विचार.

तीस वर्षांपूर्वी डोमा एका राईस मिलमध्ये होता. दिवसपाळी करून आलेल्या माणसाला मालकानं लगेच दुसऱ्या पाळीला उभं केलं, आणि पहाटे मशीनच्या पट्ट्यात त्याचा हात ओढला गेला. मालक दवाखान्यात आला तो कागद घेऊनच. घरी चारा कापायच्या मशीनमध्ये बोटं गेली असं लिहून द्या, औषधपाणी मी बघतो. नाही तर तुमचं तुम्ही बघा. डोमा वेदनेनं तळमळत होता, तरी त्यानं मान हलवली. नाही देणार. सुमनबाईंच्या कडेवर दोन वर्षांची मनाली होती. त्यांनीच त्याचा डावा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला.

त्या दिवसापासून जो कोणी हात पाहील तो विचारायचा, काय झालं? आणि डोमाला तेच खोटं सांगावं लागायचं. म्हणून त्यानं हातच लपवला. बायकोला मात्र कधी बोल लावला नाही.

चित्रापुढे दोन तरुण येऊन उभे राहिले. एकानं विचारलं, "काय झालं असन रे ह्याले?"

"दारू पिऊन गाडीखाली आला असन," दुसरा म्हणाला.

सुमनबाई उठल्या.

"थेंबाले नाई शिवला तो कधी," त्या म्हणाल्या. पोरं गोरीमोरी झाली. "मिलच्या पट्ट्यात गेला हात. दोन पाळ्या केल्या होत्या त्यानं, उभ्या उभ्या. आन लोकाइले सांगत राहिला का चारा कापाच्या मशीनमधी गेला. ते म्या सांगाले लावलं. म्या. अंगठा म्या धरला होता त्याचा."

सगळा हॉल ऐकत होता. त्या पुढे सांगत राहिल्या, थांबत थांबत, दवाखान्यापासून कागदापर्यंत सगळं. संपलं तेव्हा त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"मले ठाऊक होतं, आई," मनाली हळूच म्हणाली. "आपल्या घरी कधी एक शेळीबी नव्हती. चारा कोनासाठी कापनार होता बाबा? बाबाले वाईट वाटन म्हनून नाई इचारलं कधी."

"आन मले काहून नाई इचारलं?"

मनालीनं आईचा हात धरला.

चित्राखालच्या पट्टीवर "सायकल स्टँड" एवढंच लिहिलं होतं. सुमनबाईंनी ते लेकीकडून वाचून घेतलं आणि अश्वजितला म्हणाल्या, "नाव लिही त्याचं. गाव लिही. आन हात कसा गेला ते लिही. मिल बंद पडली, मालकबी वारला, आता कोनाचा भेव नाई. तवाबी नव्हता पायजे."

त्या सांगत गेल्या तसं त्यानं नव्या कागदावर लिहिलं. "चित्र घरी न्या, काकू," तो शेवटी म्हणाला. "तुमचंच आहे."

"नाई. घरी त्यानं लय दिवस लपवला हात. तुह्याजवळ राहू दे. जिथं जिथं मांडशीन तिथं हेबी मांड."

प्रदर्शन आणखी दोन दिवस होतं. सुमनबाई दोन्ही दिवस ऑटोनं एकट्या आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. कुणी थांबून कागद वाचला, पुढे काही विचारलं, की सांगायच्या. काही जण न बोलता निघून जायचे, त्यांना त्या अडवत नसत.

शेवटच्या दुपारी शहापूरची कुंताबाई आली, पन्नाशीची, पदरानं तोंड पुसत. तिनं लेकाकडून प्रदर्शनाचं ऐकलं होतं. तिच्या पिशवीत नवऱ्याच्या, जागेश्वरच्या, आधार कार्डाची फोटोसकट झेरॉक्स होती. विहीर खोदताना दरड पडून तो गेला होता. "माह्या मानसाचं काढशीन का, बाबू?" तिनं अश्वजितला विचारलं. "दुसरा फोटो नाई माह्याजवळ."

अश्वजितनं तो चुरगळलेला कागद दोन्ही हातांनी घेतला. त्यानं सुमनबाईंकडे पाहिलं.

त्या बाकावर थोड्या सरकल्या. "बस, बाई," त्या म्हणाल्या. "कसा होता तो, ते सांग ह्याले."

कुंताबाई बसली, आणि सांगायला लागली.