काळ्या तारेचा फ्यूज

हातखंब्याला विनीतच्या गाड्यांना स्पीकर बसवायच्या दुकानात येणाऱ्या पोरांची मागणी एकच असते: गाडी वाडीत शिरली की घराघरातली भांडी हलली पाहिजेत. त्यामुळे शेजारचे आप्पा आपली जुनी जीप घेऊन आले आणि दोन ॲम्प्लिफायर बसवून दे म्हणाले, तेव्हा म्हाताऱ्याला या वयात हे काय सुचलं, असं त्याला वाटलं.

मग त्याने कारण ऐकलं. आप्पा जन्मभर बोटीवर बत्तीसाब, म्हणजे बोटीचे इलेक्ट्रिशियन. इंजिनच्या धडधडाटात कान घालवून घरी आले. तरी वाडीच्या भजनात पखवाज त्यांचाच. अलीकडे मात्र काशीरामबुवांचं गाणं एकीकडे जायचं आणि आप्पांचा ठेका दुसरीकडे. कानातल्या मशीनमुळे माणसांचं बोलणं कळायचं, गाण्याचा मात्र नुसता कालवा व्हायचा. भजनी मंडळात कुणी चकार शब्द काढला नाही. "झकास, आप्पा," म्हणत राहिले आणि एका गुरुवारी आप्पा देवळात पोचले तर पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. आता त्यांना बुवांचं रेकॉर्डिंग अंगाने ऐकायचं होतं. सीटखाली मोठा स्पीकर, दारांत लहान, मांडीवर पखवाज. घरात एवढा दणका लावायची सोय नव्हती, सुनेचं तान्हं बाळ होतं. या सरावाने ठेका जागेवर आला तर मंडळातली जागा परत मिळेल, एवढीच त्यांना आशा होती.

तारा निवडताना आप्पांची कळी खुलली. स्वस्तातली तार त्यांनी चाकूने खरवडली, आतून पांढरं ॲल्युमिनियम निघालं, तशी ती त्यांनी बाजूला फेकली. अस्सल तांबंच घेतलं. दोन ॲम्प्लिफायरवर साठ आणि चाळीस अँपिअर लिहिलेलं, म्हणजे मुख्य तार शंभर पेलणारी हवी. मोठा फ्यूज बॅटरीला अगदी खेटून. फ्यूज ॲम्प्लिफायरला नाही, तारेला वाचवतो, हे दोघांनाही पाठ होतं. मागे वीज वाटून देणारा एक डबा, तिथून प्रत्येकाला वेगळी तार आणि वेगळा फ्यूज. इथवर दोघांचं मेतकूट छान जमलं.

मग आप्पांनी पेटीतून जपून ठेवलेला एक जुना फ्यूज काढला आणि काळ्या तारेवर, म्हणजे परतीच्या तारेवर, लावायला सांगितला. बोटीवर दोन्ही तारांना फ्यूज असतो. बोटीच्या अंगातून वीज खेळवत नाहीत. गाडीचं गणित उलटं. गाडीत सगळा पत्राच परतीची वाट. काळ्या तारेचा फ्यूज आधी उडाला, तर वीज दुसरी वाट शोधते आणि गाणं आणणाऱ्या केसासारख्या वायरीत घुसते. विनीतला हे पक्कं ठाऊक होतं. पण टेस्टर कसा धरायचा, हेच त्याला आप्पांनी शिकवलेलं. त्यांना कसं सांगायचं? त्याने फ्यूज लावून दिला.

आप्पा मागे पखवाज घेऊन बसले, डोळे मिटले. बुवांचा आवाज आला, सीट थरथरली, आणि आप्पांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून विनीतला भरून आलं. ते सुख पाच मिनिटंही टिकलं नाही. आवाज घरघरला, जळका वास सुटला. विनीतने धावत जाऊन बॅटरीजवळचा फ्यूज उपसला. बारीक वायर वितळून गेली होती. नशीब, तेवढ्यावरच भागलं.

सीटची थरथर थांबली तसे आप्पांनी डोळे उघडले. खाली उतरून त्यांनी काळ्या तारेवरचा उडालेला फ्यूज पाहिला, मग वितळलेली वायर पाहिली. त्यांना सगळं समजलं. मग त्यांनी विनीतकडे पाहिलं.

"तुला माहीत होता?"

विनीतने मानेनेच हो म्हटलं.

"मग बोलला का नाहीस?"

"तुमाला कसा सांगायचा, आप्पा?"

"मंडळात पण सगळे असेच," आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मान देतात, नि खरा काय ते सांगत नायत."

विनीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने नवी वायर टाकली. काळी तार आप्पांनी स्वतः घेतली, पत्र्यावरचा रंग घासून काढला आणि बोल्टने थेट आवळली. फ्यूज नाही.

पुन्हा बुवा गाऊ लागले, सीट थरथरली. पहिला अभंग छान गेला. दुसऱ्याची लय चढली तसे आप्पा मागे पडत गेले. अभंग संपला. त्यांनी हात थांबवून विचारलं, "बरोबर होता ना?"

झकास म्हणणं किती सोपं होतं. विनीत मशीन असलेल्या कानाजवळ वाकला.

"नाय, आप्पा. लय चढली तिथे मागे पडलात."

आप्पांनी पखवाजाच्या पुडीवरून हात फिरवला. आपण म्हाताऱ्याचं काळीज मोडलं, असं विनीतला वाटलं.

"मागे ये, बस," आप्पा म्हणाले. "मी मागे पडलो की खांद्यावर थाप दे. लावून दे परत."

त्या अभंगात विनीतने चारदा थाप दिली. दर थापेसरशी म्हातारा ठेक्यावर येत होता. गाणं संपलं, तेव्हा आप्पांनी घाम पुसला.

"गुरुवारी दुकान लवकर बंद कर," ते म्हणाले. "मी पखवाज परत मागतो, तू देवळात माझ्या मागे बसायचा."

विनीतने जन्मात कधी टाळ हातात धरले नव्हते. तो हो म्हणाला.