एका गव्हाणीत दोघी

मी एक म्हातारी शेळी आहे. माझं नाव चिंधी. बोदलकसा तलावाजवळ लीलाबाईंच्या जुन्या गोठ्यात मी गायीशेजारी बांधलेली असते. माझा कळप पलीकडे, नव्या गोठ्यात. मित्रांनो, मी इकडे एकटी का, ते सांगते.

पूर्वी आम्ही सातजणी होतो. धान कापून झालं की लीलाबाई आम्हाला रिकाम्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, सोडायच्या. मी सगळ्यांच्या पुढे. मागच्या पायांवर उभं राहून बोरीचा पाला ओरबाडायचा आणि पोट भरलं की तलावाच्या उतारावर अंगाला अंग लावून रवंथ करायचं. ती ऊब अजून आठवते.

एका हिवाळ्यात लीलाबाईंनी आमच्याकडच्याच गोरेगावच्या बाजारातून गाय आणली, मोंगरी. थंडी फार, म्हणून तिला आमच्यातच बांधलं. तिचं नाक गळत होतं, डोळे लाल होते.

"रस्त्याचा शीण हाय, होईल बरी," लीलाबाई म्हणाल्या. आणि ती बरी झालीसुद्धा. तिच्या गव्हाणीत मी रोज तोंड घालायचे. तिने मला कधी ढुसणी मारली नाही.

मी तेव्हा गाभण होते. दिवस भरत आले असताना माझी दोन्ही पिल्लं मेलेली जन्मली. मी त्यांना चाटत राहिले. ती हललीच नाहीत.

गुरांच्या डॉक्टर प्रेमिलाताईंनी मोंगरीचं आणि आम्हा सातजणींचं रक्त तपासायला नेलं. काही दिवसांनी त्या परत आल्या.

"मोंगरी आणि चिंधी, दोघींत एकच विषाणू आहे, मावशी. बाकीच्या सुटल्या. गायीचा हर्पिस."

"गायीचा रोग बकरीले काऊन लागन वो?"

"सहसा नाही लागत. पण एका गव्हाणीत खाल्लं, नाकाला नाक लागलं, तर लागू शकतो. वरून बऱ्या दिसल्या तरी तो अंगात दबून राहतो आणि ताण पडला की पुन्हा बाहेर येतो. या दोघींना बाकीच्यांपासून दूर ठेवा."

पुढच्याच महिन्यात शेजारचा इंद्रकुमार मला मागायला आला. मी पुन्हा धष्टपुष्ट झाले होते.

"देऊन टाक ना वो काकी. माह्या बकऱ्यांत चांगली जात येईल."

लीलाबाई गप्प राहिल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं.

"नोको बापा," त्या म्हणाल्या. "इच्या अंगात रोग लपून हाय. माह्या गोठ्यातलं दुःख तुह्या गोठ्यात कायले धाडू?"

"दिसून तर नाही राहिला!"

"म्हणूनच सांगून राहिली."

मग त्यांनी स्वतः माती कालवून कळपासाठी वेगळा गोठा उभा केला. पाण्याचं टाकंही वेगळं. सकाळी कळप चरायला निघतो, तेव्हा मी दोरी ताणून बघत राहते. फार वाईट वाटतं. पण गेल्या चार वर्षांत तिकडे एकही पिल्लू मेलेलं जन्मलं नाही.

मित्रांनो, बाजारातून नवं जनावर आणलंत, तर निदान महिनाभर वेगळं बांधा. नाक गळालं, गाभ पडला, तर डॉक्टरांना दाखवा. आणि आजार झालेलं जनावर कुणी मागितलं, तर खरं ते सांगा. आम्हाला सांगता येत नाही.

काल भिंतीपलीकडे माझ्या धाकट्या बहिणीची नात व्याली. दोन कोवळे आवाज आले. मी ती पिल्लं हुंगली नाहीत, हुंगणारही नाही. पण दोन्ही ओरडत होती, आणि मी कान टवकारून ऐकत होते.