आत नोंद नाही

"बोट नीट पुसून लावा," काचेच्या खिडकीमागून टाइमकीपर म्हणाला.

"पुसून पुसून सालं निघायची वेळ आलीय," ती म्हणाली आणि पुन्हा बोट दाबलं. लाल दिवा लागला. "आत नोंद नाही," असं यंत्रातली बाई लाडात येऊन बोलली. तिने फाटकाचा लोखंडी दांडा कंबरेने ढकलून पाहिला. दांडा ढिम्म हलला नाही. मागे रांग लागली होती, तिला बाजूला व्हावं लागलं. एकेक जण बोट लावून, दांडा फिरवून, मजेत बाहेर जाऊ लागला.

कारखान्यात तिला सगळे घाईबाई म्हणत. जेवणाची सुट्टी झाली की गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरणाऱ्या बाकीच्या बायका डबे उघडत, आणि ही हातमोजे ओढून काढत फाटकाकडे सुटायची. कारण घरी बाबा होते. बाबांची आठवण आता पार विस्कटली होती. एकदा ते घरातून निघाले ते मोठ्या रस्त्यावर गाड्यांच्या मधोमध उभे सापडले. तेव्हापासून ती बाहेरून कुलूप लावून कामावर यायची. लावताना रोज जिवावर यायचं, पण करते काय? ना भाऊ ना बहीण. लग्नाचं म्हणाल तर ते जमता जमता राहून गेलं होतं. दुपारी धावत जाऊन ती त्यांना दोन घास भरवायची, जरा वेळ पाठीवरून हात फिरवायची, की संध्याकाळपर्यंत ते शांत असायचे. कुलपाची दुसरी किल्ली बाबांनीच ठेवली होती, आणि इतकी जपून ठेवली होती की ती आजतागायत सापडली नव्हती.

आणि आज नेमका शेजारच्या काकूंचा फोन टाइम ऑफिसात आला होता. बाबा केव्हापासून दार बडवताहेत, थांबतच नाहीत, खिडकीतून हात दिसतोय, बोटांना रक्त आलंय, लवकर ये. हा निरोप टाइमकीपरनेच सुट्टीच्या तोंडावर तिला आणून दिला होता. तेव्हापासून तिच्या जिवात जीव नव्हता.

ती खिडकीशी गेली. "दादा, दार उघडा. तुम्हीच निरोप दिलात ना?"

"मी दिला. पण यंत्राला ते कसं सांगू?" त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. सकाळी तुम्ही बोट लावलेलंच नाही. जो आत आलेला नाही, त्याला बाहेर कसं सोडायचं? नोंदीप्रमाणे तुम्ही आज घरीच आहात."

"घरीच असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मग ही तुमच्याशी कोण बोलतेय, माझं भूत?"

टाइमकीपर हसला नाही. माणूस वाईट नव्हता. मागे एकाला त्याने असंच दयेपोटी सोडलं होतं, तर चौकशी त्याच्यावरच बसली होती. ताकही फुंकून पिण्याची सवय त्याला तेव्हापासून लागली. "साहेबांचा गुप्त आकडा यंत्रात घातला तरच दांडा सुटतो," तो म्हणाला. "साहेब पलीकडच्या इमारतीत आहेत, बैठकीला. दोनदा फोन लावला, उचलत नाहीत."

चूक तिचीच होती, हे तिला ठाऊक होतं. बाहेर जायच्या फाटकाला एका बोटाला एकच माणूस, पण आत यायला साधं दार होतं. सकाळच्या गर्दीत पुढची बाई ते पायाने अडवून धरायची आणि मागच्या दोघीतिघी तिच्या पाठोपाठ शिरायच्या. आत शिरल्यावर वळून बोट लावायचं, असा रिवाज. आज बाबा सदऱ्यात हातच घालू देईनात, त्यात उशीर झाला. तिने धावतपळत दार गाठलं आणि घंटेच्या भीतीने तशीच पुढे पळाली. बोट लावायचं राहून गेलं. गंमत म्हणजे हे यंत्र आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला होता. जुना पहारेकरी रोज दुपारी विचारायचा, "काय, निघाली का स्वारी?" यंत्र निदान टोमणे तरी मारणार नाही, असं तिला वाटलं होतं.

ती फाटकापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फाटकापर्यंत येरझाऱ्या घालू लागली. दांड्यापलीकडे रस्ता दिसत होता. रस्त्याच्या टोकाला उजवीकडे वळलं की तिची गल्ली. डोळ्यांसमोर बाबांची बोटं येत होती. आपण आपल्या बापाला कोंडून आलोय, आणि आता आपल्यालाच कोणी सोडत नाहीये. तिला रडू यायला लागलं, आणि त्याहून जास्त राग.

"काय गं, अजून इथेच?" मागून थोरली आली. विभागातली सगळ्यांत जुनी बाई, म्हणून तिला सगळे थोरली म्हणत. निवृत्तीला तिचं वर्षही उरलं नव्हतं. सकाळी पायाने दार अडवून धरणारी तीच. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि यंत्रापाशी जाऊन उभी राहिली.

"मी बोट लावते. तू जा."

"वेड लागलंय का? वर काय लिहिलंय ते वाच." यंत्राच्या वरच पाटी होती. दुसऱ्यासाठी बोट लावणाऱ्याला कामावरून काढण्यात येईल.

"चष्मा आणला नाही मी," थोरली म्हणाली.

"अहो मावशी, कॅमेरा आहे," खिडकीतून टाइमकीपर कळवळून म्हणाला.

"असू दे की. माझं तोंड काय वाईट दिसतं का?" मग ती घाईबाईकडे वळून हळूच म्हणाली, "सकाळी दार मीच धरलं होतं ना? मग ही भानगड निम्मी माझी. घंटेच्या आत ये, दोघी मिळून बोलणी खाऊ."

नको म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण हिरवा दिवा लागला, आणि तिचं अंग आपोआप दांड्यावर पडलं. ती बाहेर होती. मागे वळून बघायचा धीर तिला झाला नाही.

ती धावत सुटली. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, तशी चप्पल हातात घेतली. लोक बघत होते. बघेनात का.

दारापुढे काकू उभ्या होत्या. "आता गप झालेत बघ," त्या म्हणाल्या. "मला त्याचीच जास्त भीती वाटतेय."

घाईघाईत तिची किल्ली कुलपाला लागेना. शेवटी काकूंनीच तिच्या हातून घेऊन कुलूप काढलं.

बाबा दाराच्या आत अगदी समोर उभे होते. केस पाण्याने चापून बसवलेले, सदऱ्याची बटणं एकाआड एक चुकलेली. बोटांची सालं गेली होती. तिला पाहताच त्यांनी हात पाठीमागे लपवले आणि मान खाली घातली.

"साहेब," ते म्हणाले, "अर्धा तास सोडा. पोर घरी एकटी आहे. आई नाही तिला. बाहेरून कुलूप घालून आलोय. दार बडवत बसली असेल."

एरवी ती म्हणायची, बाबा, मी आहे, नीट बघा. आज तिला ते म्हणवलं नाही. लहानपणचं ते कुलूप तिला आठवत होतं. आत बसून रडलेलं आठवत होतं, आणि दुपारी दार उघडलं की दारात धापा टाकत उभे असलेले बाबाही. त्यासाठी ते कोणापुढे मान खाली घालून उभे राहायचे, हे मात्र तिने जन्मात कधी विचारलं नव्हतं.

लांबून कारखान्याची घंटा ऐकू आली. तिकडे थोरली एकटीच आता साहेबांपुढे उभी राहणार होती.

"साहेब?" बाबांनी पुन्हा विचारलं.

ती दारातून बाजूला झाली. "जा," ती म्हणाली. "सावकाश जा. पोरीला जेवू घाला, मग या."

"उपकार झाले," बाबा म्हणाले आणि तिच्यासमोरून लगबगीने बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी जाऊन ते थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुठे वळायचं ते त्यांना आठवेना. तिने चप्पल उंबऱ्यातच टाकली, अनवाणी त्यांच्यापाशी गेली आणि त्यांचा सोललेला हात हातात घेतला. मग ते नेतील तिकडे ती निघाली.