टीप अठ्ठ्याऐंशी पाहा

बाबांची सारी नोकरी पूल तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या लोखंडी पुलांवर पुस्तक लिहायला घेतलं आणि तळटिपांच्या नादाला लागले. चार ओळी मजकूर झाला की लगेच एक टीप. पुस्तक पुरं होईतो टिपा दोनशेच्या घरात गेल्या.

पहिली वाचक अर्थातच आई. एका दुपारी ती छापलेले कागद घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

"अहो, 'जिच्या धीरामुळे मी फिरतीची नोकरी करू शकलो, त्या माझ्या पत्नीबद्दल टीप ८८ पाहा,' असं लिहिलंयत ना?"

"हो," बाबा लाजले.

"पाहिली. 'हा गंजाचा चिवट प्रकार आहे. वेळीच खरवडला नाही तर पसरतच जातो.'"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. छपाईसाठी पुस्तकांची पानं मांडणं हे माझं कामच. काय झालं ते मला लगेच कळलं, पण हसू आवरेना. आदल्या दिवशी बाबांनी पहिल्या प्रकरणात एक नवी टीप घातली होती. पहिल्यांदा उंच कमानीवर चढताना त्यांचे पाय लटपटले, तेव्हा ज्या रंगाऱ्याने हात धरला, त्याच्याबद्दल. त्यामुळे संगणकाने पुढच्या सगळ्या टिपा एकेका आकड्याने सरकवल्या. मजकुरातले 'टीप अमुक पाहा' हे आकडे मात्र बाबांनी हाताने टाइप केलेले. ते होते तिथेच राहिले.

"काढून टाकतो ती टीप," बाबा म्हणाले. "सगळं जागेवर येईल."

"मुळीच नाही. त्यानं हात धरला नसता तर मला हा नवरा कुठून मिळाला असता? राहू दे त्याला."

मग मी बाबांना शिकवलं. हाताने लिहिलेला आकडा खोडायचा, आकडा टिपेशी जोडून ठेवणारा 'क्रॉस-रेफरन्स' उघडायचा, यादीतून हवी ती टीप निवडायची. असे त्रेचाळीस आकडे होते. दोन दुपारी आई एकेक वाचत गेली आणि बाबा एका बोटाने बदलत गेले. शेवटी चाचणी म्हणून सुरुवातीला एक खोटी टीप घातली, सगळा मजकूर निवडला आणि आकडे ताजे करणारं एफ-नाइन बटण दाबलं. आईच्या ८९चं ९० झालं.

बाबा खुर्चीतून उठलेच. "अगं, आपोआप!"

खोटी टीप काढली. आई मात्र विचारात पडली होती.

"म्हणजे आता कुठेही टीप घालता येईल? मग पुराच्या प्रकरणात माझी एक घाला. तुम्ही लिहिलंयत, दोन दिवस भर पावसात पुलावर उभा राहिलो, साधी शिंकही आली नाही. लिहा: 'लेखक घरी आले तेव्हा अंगात सणसणून ताप होता आणि पुढचे चार दिवस ते पुलाचे खांब मोजत बरळत होते.'"

"अगं, पण वाचणारे काय म्हणतील?"

"लिहा."

बाबांनी लिहिलं. 'बरळत'च्या जागी हळूच 'बोलत' करून पाहिलं. आई मागे उभीच होती. त्यांनी मुकाट्याने पुन्हा 'बरळत' केलं.