ठोका चुकला वं

सव्वीस वर्षं झाली, मी नवी साडी नेसली की आमचे हे छातीवर हात ठेवून म्हणतात, "प्रेमिला, ठोका चुकला वं!" हे म्हणजे गिरिधरराव, कळमन्याच्या बाजारात धान्याचे दलाल. मी म्हणते, "काहीतरीच तुमचं!" पण मनात लाडू फुटतात.

माणसाले धावायचा भारी नाद. वीस वर्षांपासून पहाटे हुडकेश्वरच्या आमच्या घरून निघतात, वीस-पंचवीस किलोमीटर करून येतात. नाडी मिनिटाले चव्वेचाळीस. भेटेल त्याच्या हाती मनगट देतात, "मोज ना गा! बैलाचं दिल आहे."

मागच्या महिन्यात धावून आले अन् फाटकापाशीच थांबले. "प्रेमिला, ठोका चुकून राहिला वं." मी अंगण झाडून राहिली होती, अंगात जुनाट गाऊन. "गाऊन पाहून बी चुकते का तुमचा?" म्हणून मी खदाखदा हसली. हे हसले नाही. पायरीवरच बसले. आग लागो माझ्या हसण्याले!

डॉक्टर म्हणाले, "धावण्यानं हृदय मजबूत होतं, नाडी मंदावते, हे खरं. पण वर्षानुवर्षं इतकं लांब धावून काही जणांच्या हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो. मग ठोके बेताल पडतात. रक्ताची गाठ होऊन मेंदूत जाऊ शकते. गोळ्या घ्या, सावकाश चाला. धावणं सध्या बंद."

घरी येऊन मी त्यांचे बूट कोठीत टाकले, कुलूप लावलं. तीन हप्ते हे गुमसुम. "धावायचं नाही तर मी करू काय?" एवढंच एकदा बोलले.

आज पुतणीचं, उन्नतीचं लग्न. मोरपंखी साडी नेसून मी बाहेर आली, तर हे फाटकातून आत येऊन राहिले होते. चालायले गेले होते म्हणे. खांबाले टेकले, छातीवर हात ठेवला.

"प्रेमिला, ठोका चुकला वं."

मले इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तीन हप्त्यांनी माझा माणूस परत आला. "काहीतरीच तुमचं," म्हणत मी पदर सारखा केला, अन् नजर खाली गेली. पायात नवेकोरे धावायचे बूट, चिखलानं भरलेले. शर्ट घामानं चिंब.

"अजी, साडी पाहून म्हटलं ना? बोला ना, साडी पाहूनच ना?"

त्यांनी कसेबसे डोळे वर केले.

"कोणती साडी?"